आजची हवा, तिथली हवा

‘आज हवा फार कुंद आहे’ असे आपण म्हणतो, आणि ‘मला मुंबईची हवा मानवत नाही’ असेही म्हणतो. शब्द एकच. पण पहिल्या वाक्यातली हवा उद्या सकाळपर्यंत पालटलेली असू शकते. दुसऱ्या वाक्यातली हवा पालटायची असेल तर माणसालाच गाव सोडावे लागते. क्षयावर औषध नव्हते त्या काळात डॉक्टर रोग्याला ‘हवापालटा’साठी पाचगणीला धाडत, ते या दुसऱ्या हवेसाठी. इंग्रजीने या दोन हवांना दोन नावे दिली आहेत. पहिली वेदर, दुसरी क्लायमेट.

या दोन शब्दांतला फरक शाळेत एका ओळीत सांगतात : थोड्या काळाची हवा म्हणजे वेदर, दीर्घ काळाची म्हणजे क्लायमेट. ते चूक नाही. पण त्या ओळीवरून असे वाटते की वेदर लांबवत नेले की आपोआप क्लायमेट होते, जसे दिवस जोडत गेले की महिना होतो. तसे होत नाही. हे दोन शब्द दोन वेगळे प्रश्न विचारतात. वेदर विचारते, काय घडले? क्लायमेट विचारते, इथे काय काय घडू शकते, आणि किती वेळा? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की गटारे तुंबतात, पेरण्या वाया जातात आणि संसदेत चुकीचे युक्तिवाद होतात. म्हणून या जोडीला मी एक सबंध प्रकरण देतो आहे.

आधी शब्दांच्या कुळाकडे वळू, कारण निम्मा उलगडा तिथेच होतो. वेदर हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. जर्मनमधला ‘वेटर’ त्याचा सख्खा भाऊ. जर्मनमध्ये त्याला नकाराचा उपसर्ग लावून ‘उनवेटर’ म्हटले की अर्थ होतो वादळ. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ ‘वाहणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूत शोधतात. त्याच धातूपासून संस्कृतात ‘वा’ आणि त्यापुढे वायू, वात हे शब्द आले. म्हणजे वेदर हा आपल्या वायूचा दूरचा नातेवाईक आहे. तो वाहतो, येतो आणि जातो. इंग्रजीत हा शब्द क्रियापद म्हणूनही चालतो. वादळातून तारू सुखरूप बाहेर काढणे म्हणजे ते वादळ ‘वेदर’ करणे. ऊन, पाऊस, थंडी खाऊन खडक झिजतो त्याला ‘वेदरिंग’ म्हणतात. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याचेच नाव विदारण.

क्लायमेट मात्र बाहेरून आलेला शब्द आहे. ग्रीकमध्ये ‘क्लिमा’ म्हणजे उतार, कल. कलणे किंवा टेकणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला. आजारी माणूस जिच्यावर टेकतो ती खाट ‘क्लिने’, आणि तिच्यावरून आपल्या गल्लीतल्या क्लिनिकला नाव मिळाले. याच कुळातला संस्कृत धातू म्हणजे ‘श्रि’, ज्याच्यापासून आश्रय हा शब्द आला. वेदर वायूच्या घरचा आणि क्लायमेट आश्रयाच्या घरचा. मला हे नाते पहिल्यांदा कळले तेव्हा दोन्ही शब्दांची चित्रे कायमची मनात बसली. एक अंगावरून वाहून जाते, दुसऱ्यावर आपण टेकून असतो. घर किती उतरत्या छपराचे बांधायचे, कोणते धान्य पेरायचे, कपाटात किती लोकरीचे कपडे ठेवायचे, हे सारे क्लायमेटवर टेकून ठरते.

पण ग्रीकांना कल अपेक्षित होता तो कसला? सूर्यकिरणांच्या तिरपेपणाचा. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजाकडे कलत जातो आणि उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस लांबत जातो. या मोठ्या दिवसाच्या लांबीवरून त्यांनी पृथ्वीचे आडवे पट्टे पाडले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने असे पट्टे मांडले आहेत. पट्टा म्हणजे क्लिमा. पंचांगात आजही ‘दिनमान’ छापतात. ग्रीकांचे क्लिमा हे दिनमानाचेच माप होते. आपल्याकडचे ज्योतिषीही विषुवदिनाच्या मध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची सावली मोजून गावाची ‘पलभा’ काढत, तीही याच जातीची. ग्रीक शब्द अरबीत ‘इक्लीम’ झाला आणि फारसीत सात पट्ट्यांची सारी पृथ्वी ‘हफ्त इक्लीम’ म्हणून ओळखली जाऊ लागली. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत उतरला तेव्हाही त्याचा अर्थ भूमीचा पट्टा एवढाच होता. पट्ट्यावरून पट्ट्यातल्या हवेकडे तो नंतर सरकला.

आणि मग कळून आले की नुसत्या कलावरून हवा ठरत नाही. १८१७ साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणे रेषांनी जोडून नकाशा केला. त्या समताप रेषा अक्षांशांना समांतर धावल्याच नाहीत, वर-खाली वळल्या. लंडन आणि कॅनडातला लाब्राडोरचा किनारा साधारण एकाच अक्षांशावर येतात. सूर्याचा कल सारखा, दिनमान सारखे. पण लाब्राडोरचा समुद्र हिवाळ्यात गोठतो आणि लंडनची थेम्स वाहती राहते. फरक पडतो तो समुद्रप्रवाहांचा आणि वाऱ्यांचा. इतक्या दूर कशाला जायला हवे? वाई आणि महाबळेश्वर जवळपास एकाच अक्षांशावर, पसरणीचा घाट चढून तासाभराच्या वाटेवर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि वाईला हजाराच्याही आत. मधला सह्याद्री वाऱ्यातले पाणी आधीच निथळून घेतो. शब्दाने जन्मखूण म्हणून कल जपला, पण अर्थ डोंगर, समुद्र आणि वारे यांच्यापर्यंत पसरला.

आता मुख्य फरकाकडे येतो. तो समजावून सांगायला मला इंग्रजीपेक्षा मराठीचीच जास्त मदत झाली. आपल्याकडे ‘मान’ हा एक फार कामाचा शब्दांश आहे. आयुष्य आणि आयुर्मान या दोन शब्दांकडे पाहा. आयुष्य एका माणसाचे असते. ते एकदाच घडते, आणि कधी संपेल हे कुणी सांगू शकत नाही. आयुर्मान समाजाचे असते. ते कुणी एकटा जगत नाही, तरी ते खरे असते, मोजता येते, आणि त्यावर विश्वासून विमा कंपन्या हप्ते ठरवतात. आयुर्मान सत्तर वर्षांचे आहे म्हणून शेजारचे आजोबा सत्तराव्या वाढदिवशी जाणार नाहीत. आणि आजोबा पंचाण्णव वर्षे जगले म्हणून आयुर्मानाचा आकडा खोटा ठरत नाही.

आयुष्य आणि आयुर्मान यांच्यात जे नाते, तेच वेदर आणि क्लायमेट यांच्यात. पाऊस पडतो आणि पर्जन्यमान असते, माणूस राहतो आणि राहणीमान असते, त्याच चालीवर हवा वाहते आणि हवामान असते. ‘हवामान’ हा शब्द ज्या घडणीचा आहे ती घडण क्लायमेटची आहे. वेदरसाठी नुसती ‘हवा’ पुरली असती. पण व्यवहाराने वेगळी वाट धरली, त्याकडे पुढे येतो.

आयुर्मानाची ही तुलना एका जागी मात्र अपुरी पडते. आयुर्मान हा सरासरीचा एकच आकडा आहे, आणि क्लायमेट म्हणजे सरासरी असे समजणे ही या विषयातली सर्वांत पसरलेली चूक आहे. जागतिक हवामान संघटना तीस वर्षांच्या नोंदींवरून ‘सर्वसाधारण’ मूल्ये काढायला सांगते. ही प्रथा जुनी आहे : १९३५ साली वॉर्सात भरलेल्या परिषदेत १९०१ ते १९३० हा पहिला कालखंड ठरला, सध्याचा १९९१ ते २०२० हा आहे. तीस वर्षे घेतली म्हणजे एखादे ओले किंवा कोरडे वर्ष सगळे चित्र फिरवू शकत नाही. पण त्या तीस वर्षांतून नुसती सरासरी उचलली तर बहुतेक क्लायमेट मागेच राहते. किती दिवस पाऊस पडला, एका दिवसात जास्तीत जास्त किती पडला, दोन पावसांत किती लांब उघडीप राहिली, सर्वांत गार रात्र किती गार होती, या साऱ्यांची ठेवण म्हणजे क्लायमेट.

याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पन्नास वर्षांत मोसमी पावसाच्या सरासरीत ठळक फरक पडलेला नव्हता. पण मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले होते आणि मध्यम पावसाचे प्रसंग कमी झाले होते. एकाने दुसऱ्याची भरपाई केल्यामुळे बेरीज जिथल्या तिथे राहिली. सरासरी पाहणारा म्हणेल, काही बदलले नाही. शेतकऱ्याला विचारा. महिनाभर पडणारा भिजपाऊस जमिनीत मुरतो, विहिरीला पाझर फुटतो. तेवढेच पाणी दोन दिवसांत आले तर माती घेऊन ओढ्याला जाते. बेरीज तीच, क्लायमेट निराळे.

२६ जुलै २००५ या दिवसाबद्दल मुंबईकराला काही सांगावे लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३. एकाच शहराची दोन टोके! हे वेदर होते, निखळ वेदर : एक दिवस, एक जागा, एक घटना. पण मुंबईच्या क्लायमेटमध्ये अशा दिवसाला जागा आहे की नाही, हा प्रश्न क्लायमेटचा. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून, तोही ओहोटी असताना, आखलेली होती. नंतरच्या योजनेत ती क्षमता ५० वर न्यायचे ठरले. गटाराचा व्यास ठरवणारा अभियंता एकही पाऊस पाहत नसतो. तो शंभर वर्षांच्या नोंदी उघडून बसतो, आणि एवढा पाऊस किती वर्षांतून एकदा येतो ते शोधतो. तो क्लायमेटला प्रश्न विचारतो, आणि त्याच्या उत्तराची परीक्षा वेदर घेते. नोंदी जुन्या क्लायमेटच्या असतील आणि परीक्षा नव्या क्लायमेटमधली, तर घरात कमरेएवढे पाणी येते.

एक शंका हमखास विचारली जाते, आणि ती रास्त आहे. दहा दिवसांनंतरचा पाऊस नीट सांगता येत नाही, तर २०५० सालची उष्णता कशी सांगता?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. वेदर सांगायचा धंदा तसा फार जुना नाही. चार्ल्स डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’ जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे ब्रिटनच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. १८५९ च्या ऑक्टोबरात वादळात ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज शेकडो माणसांसह बुडाले, आणि त्याने बंदरांना तारेने इशारे पाठवण्याची व्यवस्था उभी केली. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्याचा पहिला सार्वजनिक अंदाज छापून आला. भविष्य, भाकीत अशा शब्दांपासून आपले काम वेगळे राहावे म्हणून त्याने ‘फोरकास्ट’ हा शब्द निवडला. अंदाज चुकले की टीका होई, ती त्याच्या फार जिव्हारी लागे. १८६५ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या इशाऱ्यांमुळे किती खलाशी घरी परतले असतील त्याची मोजदाद कुठे नाही, पण मला या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते.

फिट्झरॉयच्या चुकांमागे एक कारण असे होते जे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. ते शंभर वर्षांनी उमगले. १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर हवेचे एक साधे गणित पुन्हा चालवत होता. सुरुवातीचा आकडा ०.५०६१२७ असा होता. त्याने तो ०.५०६ असा भरला. एवढ्याशा फरकाने दोनेक ‘महिन्यांत’ गणितातली हवा पूर्ण वेगळ्या वाटेला लागली. आजची हवा आपण कितीही काटेकोर मोजली तरी मोजण्यात कणभर चूक उरतेच, आणि ती चूक फुगत जाते. म्हणून साधारण दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशी अमुक गावी पाऊस, असे सांगता येत नाही. संगणक कितीही मोठा झाला तरी ही मर्यादा फार हटणार नाही.

आणि तरीही क्लायमेट सांगता येते. चुलीवर आधण ठेवले आहे असे समजा. पुढचा बुडबुडा पातेल्यात नेमका कुठून वर येईल हे जगातला कोणताही भौतिकशास्त्रज्ञ सांगू शकणार नाही. पण जाळ वाढवला तर खळखळ वाढेल हे घरातले पोरही सांगते. बुडबुडा कुठे फुटेल हे आधीचा क्षण ठरवतो, खळखळ किती होईल हे जाळ आणि झाकण ठरवतात. पृथ्वीचा जाळ म्हणजे सूर्य, आणि झाकण म्हणजे वातावरणातला कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचा थर. औद्योगिक क्रांतीपूर्वी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत २८० भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. झाकण जाड झाले की आत काय होईल, याचे गणित स्युकुरो मानाबे यांनी १९६० च्या दशकात मांडले. क्लाउस हासेलमान यांनी १९७६ मध्ये उलट बाजू दाखवली : रोजच्या वेदरचे असंख्य लहान धक्के समुद्रासारख्या जड, मंद गोष्टीवर साचत जातात आणि त्यातून क्लायमेट हळूहळू हेलकावे खाते. म्हणजे क्लायमेट वेदरला कुंपण घालते आणि वेदर क्लायमेटला ढकलत राहते. या दोघांना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग विभागून मिळाला.

या दोन टोकांच्या मध्ये एक धूसर पट्टा आहे, आणि भारताचे हवामानशास्त्र त्याच पट्ट्यात जन्मले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरची पावसाने दगा दिलेली वर्षे यांतून १८७५ मध्ये आपले हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयातल्या बर्फावरून पुढच्या मोसमाचा अंदाज बांधायची त्यांची कल्पना होती, आणि १८८६ पासून तसे अंदाज देणे सुरू झाले. नंतर आलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे चाळून प्रशांत महासागरावरचा मोठा झोका शोधला. एल निनोचे आजचे ज्ञान त्या पायावर उभे आहे. ‘यंदा पाऊस सरासरीच्या अमुक टक्के’ हा एप्रिलमधला अंदाज वेदरही नाही आणि पुरते क्लायमेटही नाही. संपूर्ण देशाची चार महिन्यांची सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात, आणि ९६ ते १०४ टक्के पडला की पाऊस ‘सर्वसाधारण’. हा आकडा धरणांसाठी आणि बाजारासाठी उपयोगी आहे. पण त्यावरून बांधावर उभ्या असलेल्या माणसाने पेरणीची तारीख काढू नये. त्याच्या शिवाराबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहॉफ या सिनेटरने बाहेरच्या बर्फाचा एक गोळा आणून दाखवला. बाहेर एवढी थंडी आहे, तर तापमानवाढ कुठली, असा त्यांचा रोख होता. बर्फाचा गोळा वॉशिंग्टनचे त्या आठवड्याचे वेदर होता. पृथ्वीच्या क्लायमेटबद्दल तो साक्ष देऊ शकत नव्हता. उलट दिशेची चूक भल्या हेतूने होते. २०२४ साली जगाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने दीड अंशाच्या वर गेले, आणि पॅरिस कराराची मर्यादा मोडली असे अनेकांनी लिहिले. करारातली मर्यादा दीर्घकालीन सरासरीची आहे, एका वर्षाची नाही. एक वर्ष म्हणजे आजोबांचा एक वाढदिवस. तो गंभीर इशारा आहे यात शंका नाही, पण इशारा आणि निकाल यांत अंतर असते. आणि ज्या बाजूला सत्य आहे तिने तरी शब्द सैल वापरू नयेत असे मला मनापासून वाटते, कारण सैल शब्दाचा फायदा समोरच्यालाच होतो.

मग एखादी उष्णतेची लाट, एखादा महापूर क्लायमेट बदलल्यामुळे आला का, असे विचारायचेच नाही? विचारायचे, पण नीट. बिडी ओढणाऱ्या एका माणसाला फुप्फुसाचा कर्करोग झाला, तर तो बिडीनेच झाला असे शपथेवर सांगता येत नाही. बिडीने धोका किती पट वाढतो हे मात्र सांगता येते. २००३ साली युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटेबद्दल पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी हाच हिशेब केला आणि दाखवले की माणसाच्या हस्तक्षेपाने अशा उन्हाळ्याचा धोका निदान दुप्पट झाला होता. एका वेदरवर क्लायमेटची सावली किती पडली, हे मोजण्याची ही पद्धत तेव्हापासून रुळली.

आता आपल्या भाषेतली अडचण. ‘इंडिया मीटिऑरॉलॉजिकल डिपार्टमेंट’ म्हणजे भारतीय हवामान विभाग. इथे हवामान म्हणजे मुख्यतः वेदर. ‘क्लायमेट चेंज’ म्हणजे हवामान बदल; इथे हवामान म्हणजे क्लायमेट. वर्तमानपत्राच्या एकाच पानावर ‘उद्या हवामानात बदल’ आणि ‘हवामान बदलाचे संकट’ शेजारी शेजारी येतात. हिंदीने मौसम आणि जलवायू असे दोन शब्द राखले आहेत. महाराष्ट्र शासनाने आपल्या पर्यावरण खात्याचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे केले, तेव्हा हवामान या शब्दाची अडचण टळली खरी. पण आपल्या बोलण्यात ‘पावसाचं वातावरण झालंय’, ‘ढगाळ वातावरणामुळे द्राक्षावर रोग पडला’ असे वातावरण येते. ते तर हवामानापेक्षाही जास्त वेदर आहे!

मला विचाराल तर बोलभाषेकडे याचे उत्तर आहे. निवडणुकीत ‘अमक्याची हवा आहे’ म्हणतात, आणि चार महिन्यांनी ‘हवा ओसरली’ म्हणतात. हवा म्हणजे येणारी-जाणारी गोष्ट हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. हवेचा अंदाज आणि हवामानाचा बदल, एवढी शिस्त लेखनात पाळली तरी पुष्कळ गुंता सुटेल. खात्याची पाटी बदलण्याची गरज नाही. लिहिणाऱ्याने वाक्य लिहिताना एकदा स्वतःला विचारावे, मी आयुष्याबद्दल बोलतो आहे की आयुर्मानाबद्दल?

शेतात मात्र हा भेद कुणी शिकवायला लागत नाही. रत्नागिरीत हापूस लावायचा आणि नाशिकला द्राक्ष, हा निर्णय क्लायमेटचा. तो एकदा घेतला की वीस-तीस वर्षे बांधून घेतो. तुडतुड्यांवर फवारणी आज करायची की ढग जाईपर्यंत थांबायचे, हा निर्णय वेदरचा; तो संध्याकाळपर्यंत जुना होतो. सूर्याची पावसाळी नक्षत्रे हे आपल्या शेतकऱ्याचे क्लायमेटचे कोष्टक आहे. मृगात पेरणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा गडगडाट : साडेतेरा-साडेतेरा दिवसांचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात काय अपेक्षावे त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद. आणि त्या कप्प्यात यंदा नेमके काय पडेल, हे कळावे म्हणून कॅलेंडरात नक्षत्राचे वाहन पाहायचे, म्हैस की कोल्हा की बेडूक. कप्पे अनुभवातून आले होते, वाहन हौसेतून. म्हणूनच कृषी खाते नक्षत्र लागले की पेरा असे सांगत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीला वापसा येईपर्यंत थांबा, असे सांगते. नक्षत्र लागले हे क्लायमेट, वापसा आला हे वेदर. मृग लागला म्हणून धूळपेरणी केलेल्या आणि मग तीन आठवडे आभाळाकडे पाहत बसलेल्या माणसाला दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते.

‘हवामान आधारित फळपीक विमा योजने’त हे दोन्ही शब्द एकाच कागदावर भेटतात. विम्याचा हप्ता ठरतो तो त्या भागात अवेळी पाऊस, कडाका किंवा उष्णता किती वर्षांतून किती वेळा येते यावरून, म्हणजे क्लायमेटवरून. भरपाई मिळते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने अमुक तारखेला अमुक आकडा नोंदवला म्हणून, म्हणजे वेदरवरून. बागायतदाराचे भांडण बहुधा दुसऱ्या भागाशी असते : माझ्या बागेत पाऊस पडला, तुमच्या यंत्राला दिसला नाही. त्याचे गाऱ्हाणे खरे असते. सांताक्रूझ आणि कुलाबा आठवा. पण हळूहळू पहिला भागही डळमळू लागला आहे. किती वर्षांतून किती वेळा, याचे जुने उत्तर जिथे लागू पडत नाही तिथे हप्ता कशावरून काढायचा?

हा प्रश्न पुण्यात शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीतही पोहोचलेला आहे, जिला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आले होते. ते पुढे दिल्लीला गेले, पण देशाच्या क्लायमेटचे दफ्तर पुण्यातच राहिले. मोसमी पाऊस कुठे कधी येतो आणि कधी परततो, याच्या जुन्या सर्वसाधारण तारखा विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतल्या नोंदींवरून काढलेल्या होत्या. २०२० साली त्या नव्याने काढल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख १० जूनची ११ जून झाली, जेमतेम एका दिवसाचा फरक. परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. हस्त नक्षत्र साधारण २७ सप्टेंबरला लागते आणि १० ऑक्टोबरच्या आसपास संपते. जुन्या कोष्टकाप्रमाणे मुली पाटावर हत्ती काढून हादगा मांडत तेव्हा मुंबईचा पाऊस निरोप घ्यायला लागलेला असे. नव्या कोष्टकात हस्त सरत आला तरी तो अजून आहे, आणि कोकणातला हळवा भात तेव्हा कापणीला येऊन उभा असतो.